सीडरवुड तेलाचे खरे उपयोग कोणते? बाटलीवरच्या दाव्यांपैकी कशावर विश्वास ठेवावा?

प्रश्न: तापीकाठ, भुसावळ

नमस्कार. जळगावच्या एका दुकानातून माझ्या मुलीने ‘सीडरवुड इसेन्शियल ऑइल’ असे नाव असलेली 15 मिलिलिटरची बाटली आणली आहे. सोबतच्या घडीपत्रकावर या तेलाचे इतके गुण छापले आहेत की त्या एका बाटलीत सगळ्या घराची दुखणी मिटावीत: केस गळायचे थांबतात, कोंडा जातो, शांत झोप लागते, सांधेदुखी उतरते, डास पळतात, लोकरी कपड्यांना कसर लागत नाही आणि खोलीतली हवाही शुद्ध होते. एवढे सगळे एका तेलाने होत असेल यावर माझा विश्वास बसत नाही, पण सगळेच खोटे असेल असेही वाटत नाही; म्हणून जाणकारांना विचारते आहे.

आमच्या गरजा मोजक्याच आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या रोज रात्री तिळाच्या कोमट तेलाने चोळून घेतात. त्या तेलात हे मिसळावे का? मुलीला दिवाळीच्या सुमारास डेंग्यू झाला होता आणि आता विंचरताना तिचे केस पुंजक्यांनी कंगव्यात येतात; तिने ही बाटली मुख्यतः त्यासाठीच आणली. ट्रंकेत आईची पैठणी, शालू आणि लोकरी शाली आहेत. त्यांतल्या एका शालीला बारीक भोके पडलेली दिसली, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घरात कोणालाच सोसत नाही. शेवटचा प्रश्न थोडा वेगळा आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे आणि शेजारच्या वहिनी कूलरच्या पाण्यात असलेच कुठलेतरी सुगंधी तेल टाकतात. ते योग्य आहे का? धाकट्या जाऊबाई गरोदर आहेत आणि घरात एक मांजरही आहे, हे लक्षात घेऊन सांगावे.

उत्तर: औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक, शिरपूर

ताई, आधी एक गोष्ट पाहून कळवा. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत झाडाचे शास्त्रीय नाव छापलेले असते, ते काय आहे? ही चौकशी पंडिती वाटेल, पण सीडरवुड या एका नावाखाली बाजारात निदान चार झाडांची तेले विकली जातात आणि त्यांतली दोन तर देवदाराच्या कुळातलीही नाहीत. हिमालयातला आपला देवदार म्हणजे सीड्रस देओदारा. मोरोक्को आणि अल्जीरियातल्या ॲटलास पर्वतावर वाढणारा त्याचा जवळचा नातलग म्हणजे सीड्रस अटलांटिका. याची जंगले इतकी घटली आहेत की आज त्याची नोंद संकटग्रस्त वृक्षांत होते. उरलेली दोन अमेरिकेतली आहेत: पूर्वेकडचा ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, ज्याच्या लाकडाच्या एके काळी पेन्सिली बनत, आणि टेक्सासचा ज्युनिपेरस आशेई. ही दोन्ही झाडे ज्युनिपरची, म्हणजे सरूच्या कुळातली.

फरक फक्त नावापुरता नाही. पहिल्या दोन तेलांत मुख्य भाग हिमाचलीन नावाच्या घटकांचा असतो. त्यांचे नाव आपल्या हिमाचलावरूनच पडले आहे. अमेरिकी तेलांत मात्र सीड्रॉल, सीड्रीन आणि थुजॉप्सीन असतात. म्हणून एका झाडाच्या तेलावर केलेल्या प्रयोगाचे श्रेय दुसऱ्या झाडाच्या तेलाला देता येत नाही, आणि घडीपत्रके छापणारे नेमके तेच करतात. झोपेचेच घ्या. सीडरवुडच्या वासाने शांत वाटते, या दाव्यामागे जे थोडेफार प्रयोग आहेत ते मुख्यतः सीड्रॉल हुंगवून पाहण्याचे आहेत. हिमालयी तेलात सीड्रॉलला महत्त्वाचे स्थान नसल्यामुळे त्या बाटलीवर ‘गाढ झोप’ छापणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतातले पीक आपल्या सातबाऱ्यावर दाखवणे आहे. वास आवडतो म्हणून कोणाला बरे वाटत असेल तर त्यात वावगे काहीच नाही. फक्त त्याला निद्रानाशावरचा उपचार म्हणू नये.

केसांविषयी सविस्तर लिहितो, कारण या तेलाच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा तिथलाच आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथील त्वचारोगतज्ज्ञांनी 1998 मध्ये चाईच्या, म्हणजे डोक्यावर गोल टक्कल पडणाऱ्या आजाराच्या, 86 रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाने थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि ॲटलासचे सीडरवुड अशी चार तेले जोजोबा व द्राक्षबियांच्या तेलात मिसळून रोज डोक्याला चोळली. दुसऱ्या गटाने नुसते जोजोबा व द्राक्षबियांचे तेल चोळले. सात महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या 44 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, तर दुसऱ्या गटात 15 टक्क्यांत. चाचणी चांगली होती, आकडेही बोलके आहेत. पण ती चार तेलांच्या मिश्रणाची होती, त्यामुळे त्यातला सीडरवुडचा वाटा किती हे त्यावरून ठरत नाही. आणि ती चाईवरची होती, तुमच्या मुलीच्या तक्रारीवरची नव्हे. डेंग्यू, टायफॉइड अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात, कारण तापाच्या धक्क्याने पुष्कळशी मुळे एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. हे केस बहुधा काही महिन्यांत आपणहून परत येतात. अशा वेळी जे तेल लावावे त्याला यश मिळते, आणि या विषयातल्या निम्म्या अनुभवकथा अशाच तयार होत असाव्यात असे माझे मत आहे. मुलीचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, जेवणात डाळी, अंडी, पालेभाज्या राहू द्या. बाटलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

जाता जाता एक वेगळा उपयोग सांगतो, जो कुठल्याही घडीपत्रकावर नसतो. सूक्ष्मदर्शकाची सर्वांत शक्तिशाली भिंग वापरताना काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवतात. 1878 पासून जर्मनीत त्यासाठी सीडरवुडचे तेल वापरात आले, कारण त्यातून प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वळतो. घट्ट केलेल्या तेलाचा वक्रीभवनांक सुमारे 1.515 असतो. पुढे कृत्रिम तेले आली, कारण हे पिवळे पडते आणि भिंगावर वाळून चिकटते. चिकटण्याचा हा गुण लक्षात ठेवा; पैठणीच्या संदर्भात तो कामाला येईल.

उत्तर: वैद्य, धुळे

शिरपूरच्या सरांनी झाडाचे नाव विचारले ते योग्यच केले. मी फक्त गुडघ्यांविषयी लिहितो.

आयुर्वेदात देवदार हे वातकफ कमी करणारे, उष्ण, स्निग्ध आणि कडू द्रव्य मानले आहे. संधिवातात आम्ही जो महारास्नादि काढा देतो त्यात देवदार असतो. सुजेवर लावायच्या दोषघ्न लेपात पुनर्नवा, सुंठ, मोहरी आणि शेवगा यांच्या जोडीला देवदार असतो. म्हणजे सांध्यांसाठी देवदार वापरण्याची परंपरा खरी आहे आणि जुनी आहे. परंतु काढा किंवा लेप हा लाकडाच्या भरडीचा वा चूर्णाचा असतो आणि बाटलीतले तेल हे वाफेने काढलेला केवळ उडणारा अंश असतो. दोन्हींतले घटक आणि त्यांची तीव्रता वेगळी असल्यामुळे ‘काढ्यात चालते, मग दोन थेंब पाण्यातून घ्यायला काय हरकत’ हा हिशेब धोक्याचा आहे. हे तेल पोटात घ्यायचे नाही, कोणत्याही कारणाने नाही.

चोळण्यासाठी वापरायचे असेल तर प्रमाण सांभाळावे. वयस्कर व्यक्तींची त्वचा पातळ आणि कोरडी असते, म्हणून सासूबाईंसाठी एक टक्क्यापासून सुरुवात करावी, म्हणजे 30 मिलिलिटर तिळाच्या तेलात सुमारे सहा थेंब. पुढेही दोन टक्क्यांच्या वर जाऊ नये. तिळाचे तेल आधी वाटीत कोमट करून खाली उतरवावे आणि हाताला सोसवेल इतके झाल्यावर त्यात थेंब घालावेत. गॅसवरच्या तापल्या तेलात घातले तर सुगंध स्वयंपाकघरात आणि उपयोग हवेत जातो, शिवाय हे तेल पेट घेणारे आहे. पहिल्या दिवशी ते मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. तिथे लाली, खाज किंवा पुरळ आले तर गुडघ्याला लावूच नये. गुडघा गरम, लाल आणि टरटरून सुजलेला असेल तर त्यावर कोणतेही तेल चोळू नये; डॉक्टरांना दाखवावे.

याने बरे वाटले तर त्यातला मोठा भाग उबेचा, चोळण्याचा आणि घरातले कोणीतरी रोज पायाशी बसते त्याचा असेल. मी ते कमी लेखत नाही. फक्त झिजलेली कूर्चा तेलाने भरून येत नाही, एवढे सासूबाईंना समजावून सांगावे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम त्यांच्याकडून करून घ्यावेत.

तापीकाठ, भुसावळ

दोघांचेही मनापासून आभार. भिंग घेऊन बाटली वाचली. खोक्यावर बर्फाच्छादित डोंगरांचे चित्र आहे आणि मोठ्या अक्षरांत ‘देवदार’ असेही लिहिले आहे, पण बाटलीवरच्या बारीक अक्षरांत ज्युनिपेरस व्हर्जिनियाना असे नाव आहे. याचा अर्थ हे देवदाराचे तेल नाहीच, असा घ्यायचा का? असे असेल तर वैद्यबुवांनी सांगितलेल्या परंपरेशी या बाटलीचा काही संबंध उरत नाही. मग ती परत करावी, की कपड्यांसाठी तरी ठेवावी?

उत्तर: कापड दुकानदार, तळोदा

ठेवा, ताई. कपड्यांसाठी तुमच्या हाती योग्य तेच तेल आले आहे. अमेरिकेत लोकरी कपडे ठेवण्यासाठी ज्या सुवासिक पेट्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या त्या याच झाडाच्या लाकडाच्या. चित्र एका झाडाचे आणि माल दुसऱ्या झाडाचा, ही व्यापारातली जुनी खोड आहे आणि त्यात आपला खानदेशही अगदी नामानिराळा नाही. नंदुरबार-पिंपळनेरकडे पूर्वी रोशा गवताचे तेल भट्टीवर गाळले जाई. ते मुंबईमार्गे तांबड्या समुद्राच्या बंदरांवर आणि तिथून तुर्कस्तानात जाई, आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण रोशाचा वास गुलाबाच्या जवळ जातो.

आता शालीविषयी. कसर लोकर आणि रेशीम खाते, सुती कापडाला सहसा तोंड लावत नाही. त्यातही ज्या जागी घामाचा, तेलाचा किंवा जेवणाचा डाग राहिला असेल तिथे आधी लागते. भोके पाडतात त्या अळ्या; उडणारे पाखरू काहीच खात नाही. सीडरवुडचा परिणाम नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या अळ्यांवर होतो, मोठ्या अळ्यांवर आणि अंड्यांवर फारसा होत नाही. म्हणून कसर लागलेल्या ट्रंकेत तेलाचा बोळा ठेवून झाकण लावले की काम झाले, असे समजणे चुकीचे आहे. आधी ट्रंक पूर्ण रिकामी करा, कोपरे आणि बिजागरीच्या फटी ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसून उन्हात कोरड्या करा. लोकरी शाली धुऊन किंवा ड्रायक्लीन करून घ्या. आपल्याकडचे वैशाखातले ऊन हे कसरीवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे. शाली पलटून पलटून दोन्ही बाजूंनी कडकडीत उन्हात तापवा आणि घडी घालण्याआधी ब्रशने झटका, म्हणजे चिकटलेली अंडी निघून जातात. पैठणी आणि शालू मात्र उन्हात टाकू नका, रंग उडेल. त्या सावलीत, वाऱ्यावर मोकळ्या करा.

तेल कपड्यावर कधीही थेट लावायचे नाही. सरांनी सांगितले तसे ते पिवळे पडते आणि चिकटते. रेशमावर पडलेला त्याचा डाग काढताना मी चांगले रंगारी थकलेले पाहिले आहेत. कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब घ्या, बोळा पंख्याखाली थोडा वेळ वाळू द्या, मग जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधा. ही पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात अशी ठेवा की जरीला किंवा काठाला तिचा स्पर्श होणार नाही. मध्ये पांढऱ्या सुती कापडाची घडी असावी. पैठणी जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळली तर सर्वांत उत्तम, आणि दर काही महिन्यांनी तिची घडी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर फाटते. आपल्याकडच्या उष्णतेत वास लवकर उतरतो. ट्रंक उघडल्यावर वास जाणवेनासा झाला की बोळा बदला. झाकण घट्ट बसत नसेल तर या सगळ्याचा उपयोग निम्मा. डांबराच्या गोळ्या आधी ठेवलेल्या असतील तर त्या पूर्ण काढून मगच हे ठेवा, दोन्ही एकत्र नकोत.

उत्तर: कूलर दुरुस्तीवाला, अमळनेर

कूलरच्या पाण्यात हे तेल टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरते. पंप ते ओढून गवताच्या पॅडवर नेतो, तिथे ते धूळ आणि क्षार धरून बसते आणि काही दिवसांत पॅडमधून पाणी नीट उतरत नाही. पंपाचे रबर आणि प्लास्टिकची नळीही काही तेलांनी फुगते. असे कूलर माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. शिवाय कूलर रात्रभर खोलीत वारा फेकतो, म्हणजे तो वास सगळ्यांना रात्रभर हुंगायला लावणे झाले. सुगंधच हवा असेल तर वाळ्याचा पॅड लावा किंवा वाळ्याची जुडी टाकीत सोडा. त्यासाठी आपल्याकडे वाळ्यासारखे दुसरे काही नाही. टाकीतले पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास नेमका याच पाण्यात अंडी घालतो आणि तुमच्या घरी तर तो आजार येऊन गेला आहे.

उत्तर: औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक, शिरपूर

अमळनेरच्या भाऊंच्या शेवटच्या वाक्याला जोडून डासांविषयी लिहितो. सीडरवुडच्या वेगवेगळ्या तेलांत कीटकांना मारणारे किंवा पळवणारे घटक आहेत, हे खरे आहे. हिमालयी देवदाराच्या तेलातल्या हिमाचलॉल आणि बीटा-हिमाचलीन या दोन घटकांचा कडधान्यातल्या भुंगेऱ्यावर आणि घरमाशीवर मारक परिणाम होतो, असे भारतीय संशोधकांनी 1988 मध्ये दाखवून दिले. हिमालयाच्या पायथ्याशी गुराढोरांच्या पायांना हे तेल लावण्याची रीत आहे, आणि शिमला-कुलूकडे धान्यासाठी देवदाराच्या लाकडाच्या खोल्या बांधत. हे वाचून आपल्या जळगावच्या एखाद्या डाळ मिलवाल्याला किंवा हरभरा साठवणाऱ्या शेतकऱ्याला मोह होईल, म्हणून सांगतो की खायच्या धान्यात बाजारातले सुगंधी तेल मिसळू नये. प्रयोगशाळेत भुंगेरा मरणे आणि ती डाळ खाण्यास सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या अंगावर लावल्यास डासांपासून मिळणारे संरक्षण अल्पकाळ टिकते. डेंग्यू होऊन गेलेल्या घराने मच्छरदाणी, जाळ्या आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांवरच भिस्त ठेवावी.

ताई, आपल्या बाटलीचे म्हणाल तर ते तेल अस्सल असू शकते. खोटे आहे ते खोक्यावरचे चित्र. ग्राहक म्हणून आपण दुकानदाराला ते दाखवून जाब विचारू शकता, आणि विचारावाच. शुद्धता तपासण्यासाठी कागदावर थेंब टाकून डाग उरतो का ते पाहण्याची युक्ती अनेक जण सांगतात, पण या तेलाला ती नीट लागू पडत नाही. लिंबू किंवा निलगिरीचे तेल पाहता पाहता उडून जाते. सीडरवुडचे रेणू जड असल्यामुळे शुद्ध तेलाचा डागही कागदावर बराच काळ दिसतो. याच जडपणामुळे साबण आणि अत्तरे बनवणारे ते इतर सुगंध धरून ठेवण्यासाठी वापरतात. थंडीत बाटलीच्या तळाशी स्फटिक दिसले तर ते भेसळीचे लक्षण समजू नका. सीड्रॉल थंडीत असा गोठतो.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वैद्यांनी सांगितलेले प्रमाण या तेलालाही लागू पडेल, मात्र देवदाराचे गुण त्यात शोधू नका. देवदारच हवा असेल तर दोषघ्न लेपाचे चूर्ण वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. जाऊबाईंना बाळंतपण होईपर्यंत हे तेल अंगाला लावू नका आणि त्यांच्या खोलीत डिफ्युझर, म्हणजे तेलाचा सुगंध हवेत पसरवणारे उपकरणही चालवू नका. ज्युनिपर जातीच्या तेलांबाबत गरोदरपणात दूर राहण्याचाच सल्ला दिला जातो. मांजराच्या यकृतात अशा सुगंधी घटकांचा निचरा करणारी यंत्रणा दुबळी असते आणि मांजर अंग चाटते, म्हणून सासूबाईंच्या मालिशीनंतर गुडघ्यांवर जुने फडके गुंडाळावे आणि मांजराला त्या रात्री त्यांच्या अंथरुणात घेऊ नये.

तापीकाठ, भुसावळ

दुकानदाराशी बोलले. तो म्हणतो की खोके वरूनच तसे येते आणि आजवर कोणी मागची अक्षरे वाचली नव्हती. बाटली परत घ्यायला तयार झाला, पण तळोद्याच्या भाऊंचे वाचून मी ती ट्रंकेसाठी ठेवून घेतली. कूलरच्या गोष्टीवर शेजारच्या वहिनींचा अजून विश्वास बसलेला नाही. एक शंका राहिली: शालींत एक पश्मिना आहे, तीही कडक उन्हात टाकायची का?

उत्तर: कापड दुकानदार, तळोदा

पश्मिना उन्हात टाकू नका. ती स्वच्छ करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात निदान आठवडाभर ठेवा. अंडी आणि अळ्या गारठ्यानेही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर शालीवर ओल धरेल.